रुग्णाचा थेरपिस्टशी जुळलेला भावबंध: मोजायचा कसा, आणि मुख्य म्हणजे कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजीचं प्रशिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी रुग्णांचा थेरपिस्टशी जुळणारा भावबंध, म्हणजे अटॅचमेंट, मोजायचा आहे. त्यासाठी तिने ‘क्लायंट अटॅचमेंट टू थेरपिस्ट स्केल’ ही श्रेणी, म्हणजे गुण देणारी प्रश्नावली, निवडली आहे. गाईडचा आक्षेप असा की ही श्रेणी ‘वर्किंग अलायन्स’पेक्षा, म्हणजे रुग्ण आणि थेरपिस्ट यांच्यातल्या उपचारापुरत्या सहकार्याच्या नात्यापेक्षा, वेगळं काही मोजते हे आधी दाखव. श्रेणी मराठीत आणता येईल का आणि एका ओपीडीतले मोजके रुग्ण पुरतील का, हेही तिला हवं आहे. शिवाय तिची स्वतःची एक अडचण आहे: काही रुग्णांवर चाचपणी केली, तर जवळजवळ सगळ्यांचे श्रेणीतल्या ‘सुरक्षित’ या उपश्रेणीचे, म्हणजे भागाचे, गुण वरच्या टोकाला गेले.

मी या शेवटच्या अडचणीपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिच्यातच आहेत.

सगळ्यांचे गुण वर गेले यात नवल काहीच नाही. फॉर्म कोणी दिला? तुम्ही स्वतः, नाहीतर त्याच खोलीत बसणाऱ्या तुमच्या बॅचमेटने. सकाळपासून केसपेपर हातात धरून बसलेला माणूस, शेजारी भाऊ किंवा सासू, आणि समोर ज्यांच्या हातात पुढची तारीख आहे त्या मॅडम. त्याने ‘माझे थेरपिस्ट मला समजून घेतात’ या वाक्यापुढे ‘असहमत’वर खूण करावी अशी अपेक्षा तुम्ही कशाच्या बळावर करता? किती तरी वेळा नातेवाईकच पेन हातात घेतो आणि म्हणतो, ‘बरं वाटतंय ना तुला? मग सगळं चांगलंच लिही.’ तुमच्या हाती जे आलं त्यात थोडी कृतज्ञता आहे, थोडी रीतभात आहे आणि थोडी भीतीही आहे. भावबंध असेलही, पण तो या सगळ्यातून वेगळा काढता येत नाही.

ही गळती बंद केली तरी मूळ अडचण उरतेच. अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणाऱ्या जॉन बोल्बींनी ज्याला अटॅचमेंट म्हटलं ते आवडणं नव्हे, माया नव्हे, आदर तर नव्हेच. भीती, आजारपण, थकवा, ताटातूट अशा वेळी कुणाकडे धाव घेतली जाते, आणि ते माणूस जवळ आहे या भरवशावर पुन्हा बाहेर पडून जग धुंडाळता येतं का, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून एखाद्या नात्याला अटॅचमेंट म्हणायचं तर सहसा चार खुणा पाहतात: त्या व्यक्तीच्या जवळ राहण्याची धडपड, संकटात तिच्याकडे आसरा घेणं, तिच्या आधारावर नवीन गोष्टींना हात घालणं आणि ती दूर गेली की होणारी घालमेल. १९८८ च्या ‘अ सिक्युअर बेस’मध्ये बोल्बींनी थेरपिस्टचं पहिलं काम हेच सांगितलं की रुग्णाला आपल्या आयुष्यातल्या दुखऱ्या जागा तपासायला एक सुरक्षित तळ मिळवून द्यायचा.

आता बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये काय केलं ते पाहा. त्यांनी आयांना ‘तुमचं बाळ तुमच्याशी किती जोडलेलं आहे, सहापैकी गुण द्या’ असं विचारलं नाही. सुमारे वीस मिनिटांचा एक प्रसंग रचला. अनोळखी खोली, अनोळखी बाई, आई दोनदा बाहेर जाते आणि दोनदा परत येते. बाळ किती रडलं यापेक्षा आई परतल्यावर त्याने काय केलं, याला त्यांच्या वर्गीकरणात जास्त वजन आहे. छप्पर गळतं की नाही हे उन्हाळ्यात कळत नाही; बाईंनी पाऊस पाडून पाहिला. तुमचे रुग्ण श्रेणी भरत होते तेव्हा उन्हाळा चालू होता. चांगलं सेशन झालेलं, थेरपिस्ट समोर बसलेली, पुढची तारीख मिळालेली.

म्हणून माझं म्हणणं असं की कुठली श्रेणी घ्यायची याच्यावर विद्यार्थी जितका वेळ घालवतात, त्याच्या निम्मा तरी ‘कधी भरून घ्यायची’ यावर घालवावा.

श्रेणीबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण ती वाईट नाही. ब्रेंट मॅलिनक्रॉट, डायना गँट आणि हेलन कोबल यांनी ती १९९५ मध्ये प्रसिद्ध केली, १३८ क्लायंटच्या उत्तरांवरून. वाक्यं ३६, प्रत्येकासमोर तीव्र असहमतीपासून तीव्र सहमतीपर्यंत सहा पर्याय. उपश्रेण्या तीन. ‘सुरक्षित’मध्ये १४ वाक्यं: थेरपिस्ट प्रतिसाद देते, भावना समजून घेते, तिच्या आधाराने भीतीदायक गोष्टींकडे पाहता येतं. ‘टाळणारा-भयग्रस्त’मध्ये १२: थेरपिस्टला मी पसंत नाही, सेशनमध्ये मला कमीपणा वाटतो, काही उघड केलं तर ती नाकारेल, म्हणून अंतर राखलेलं बरं. ‘गुंतलेला-विलीन’मध्ये १०: ती रोज माझ्याबरोबर असावी, तिच्या इतर क्लायंटबद्दल सतत विचार येतो, तिच्याशी एकरूप व्हावं. वाक्यांचा मथितार्थ मी माझ्या शब्दांत दिलाय. मूळ वाक्यं मूळ लेखातूनच घ्या.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. या तीन बेरजा आहेत, तीन कप्पे नाहीत. एकाच रुग्णाचे ‘सुरक्षित’ आणि ‘गुंतलेला’ दोन्ही गुण वर असू शकतात. ‘हा रुग्ण गुंतलेल्या प्रकारातला’ असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. ते वाक्य या श्रेणीवरून लिहिता येत नाही, आणि रुग्णाला तोंडावर तर मुळीच सांगू नये.

आता गाईडचा आक्षेप. तो रास्त आहे, आणि तो त्यांनी सुरुवातीलाच घेतला हे तुमचं नशीब. वर्किंग अलायन्सची कल्पना एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये तीन भागांत मांडली: ध्येयांवर एकमत, कामांवर एकमत आणि दोघांमधला बंध. त्यावरून हॉर्वथ आणि ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये ३६ वाक्यांची वर्किंग अलायन्स इन्व्हेंटरी केली. तिची १२ वाक्यांची छोटी रूपंही आहेत. या अलायन्सचा उपचाराच्या परिणामाशी संबंध असतो हे मानसोपचार संशोधनातल्या सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी एक. २०१८ मधल्या फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांच्या मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, २९५ अभ्यास होते आणि सहसंबंध ०.२८ च्या आसपास आला. आकडा मोठा दिसत नाही, पण इतक्या निरनिराळ्या उपचारपद्धतींत तो टिकतो.

अडचण अशी की ‘सुरक्षित’ उपश्रेणी आणि अलायन्स एकमेकांना फारच चिकटून चालतात. मॅलिनक्रॉट आणि जियोंग यांनी २०१५ मध्ये या श्रेणीवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात हे स्पष्ट दिसतं: ‘सुरक्षित’ गुण वर तर अलायन्स वर, ‘टाळणारा’ गुण वर तर अलायन्स खाली, आणि दोन्ही संबंध चांगलेच जोरकस. ‘गुंतलेला-विलीन’चा मात्र अलायन्सशी तसा ठोस संबंध लागत नाही. वाक्यं शेजारी ठेवून वाचलीत तर कारण कळेल. ‘थेरपिस्ट मला समजून घेते’ हे वाक्य कुठल्या श्रेणीतलं, हे नाव झाकलं तर तज्ज्ञालाही सांगता येणार नाही. ‘तिच्या बाकीच्या पेशंटचा विचार मनात येत राहतो’ हे मात्र अलायन्सच्या कुठल्याही प्रश्नावलीत नाही.

तेव्हा गाईडना उत्तर असं द्या: ‘सुरक्षित’ उपश्रेणी मी मुख्य चल (मोजायची मुख्य बाब) म्हणून घेणार नाही. भर इतर दोघींवर देईन, सोबत १२ वाक्यांची अलायन्स श्रेणी घेईन, आणि अलायन्सचा वाटा वजा केल्यावर टाळण्याचे व गुंतण्याचे गुण काही अधिक सांगतात का ते पाहीन. याने प्रबंध छोटा होईल, पण उभा राहील. अनेकांना ‘सुरक्षित’ गुण सोडवत नाहीत, कारण निकाल तिथेच सुंदर येतात. ते सुंदर येतात कारण आपण एकच गोष्ट दोनदा मोजलेली असते.

रुग्णाची एकूण अटॅचमेंटची धाटणीही उपचार सुरू होण्याआधी मोजून ठेवा. त्यासाठी ब्रेनन, क्लार्क आणि शेव्हर यांची १९९८ ची ‘एक्स्पीरियन्सेस इन क्लोज रिलेशनशिप्स’ ही श्रेणी आहे. तीही योगायोगाने ३६ वाक्यांचीच, आणि चिंता व टाळणं या दोन परिमाणांवर गुण देते. जोडीदाराबद्दलची वाक्यं अविवाहित किंवा विधवा रुग्णाला कशी विचारायची हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी पडेल. ‘जवळची माणसं’ असा शब्दप्रयोग असलेलं रूप निवडा. नवऱ्याला टाळणारी बाई थेरपिस्टलाही टाळेलच, असं समजू नका. आधीची धाटणी आणि थेरपिस्टशी जुळलेला बंध यांचा संबंध असतो, पण एकाचा दुसरा छाप नसतो. मला तर संशोधनाची खरी गंमत या फरकातच दिसते: घरी कुणावरच न विसंबणारा माणूस इथे विसंबायला लागला, तर काय घडलं?

प्रश्नावलीच्या पलीकडचे दोन रस्ते सांगते. प्रबंधाला ते परवडणारे नाहीत, पण विचार करायला लागतील. पहिला मुलाखतीचा. मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ‘ॲडल्ट अटॅचमेंट इंटरव्ह्यू’ तयार केली. सुमारे तासभराची ही मुलाखत. लहानपणी आईशी असलेल्या नात्याचं वर्णन करणारे पाच शब्द सांगा, मग प्रत्येक शब्दाला धरून एखादी आठवण सांगा, असे प्रश्न. गुण बालपण सुखाचं होतं की दुःखाचं याला मिळत नाहीत. सांगणं कितपत सुसंगत आहे याला मिळतात. ‘आई प्रेमळ होती’ म्हणणाऱ्याला एकही प्रेमळ प्रसंग आठवत नाही, किंवा एका प्रश्नाच्या उत्तरात माणूस पंधरा मिनिटं जुन्या रागात वाहत जातो, ते तिथे नोंदलं जातं. डायना डायमंड आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत थेरपिस्टबरोबरच्या नात्याला लावून रुग्ण आणि थेरपिस्ट अशा दोघांच्या मुलाखतीचं रूप केलं. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाच्या (ज्यांच्या भावना आणि नाती फार अस्थिर असतात अशा) रुग्णांवरच्या ट्रान्सफरन्स-फोकस्ड सायकोथेरपीच्या, म्हणजे थेरपिस्टशी बनणाऱ्या नात्यावरच काम करणाऱ्या उपचाराच्या, कामातून ते आलं. त्याच उपचारावरच्या, ९० रुग्णांच्या एका चाचणीत केनेथ लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की वर्षभरानंतर मुलाखतीतली सुरक्षित वर्गवारी त्या गटात वाढली; तुलनेच्या दोन गटांत तसं झालं नाही. म्हणजे मोजमाप नीट असेल तर बदल पकडता येतो.

दुसरा रस्ता मला अधिक आवडतो. अलेस्सांद्रो टालिया, मॅडलिन मिलर-बॉटम आणि सारा डॅनियल यांनी सेशनच्या शब्दशः उताऱ्यांवरूनच रुग्णाची अटॅचमेंट ओळखण्याची सांकेतिक पद्धत केली आणि १६० रुग्णांवर ती तपासली. एकाच सेशनच्या उताऱ्यावरून काढलेली वर्गवारी स्वतंत्रपणे घेतलेल्या मुलाखतीशी चांगली जुळली. रुग्ण थेरपिस्टबद्दल काय मत देतो हे या पद्धतीत पाहत नाहीत. बोलता बोलता तो काय करतो हे पाहतात. त्रास सांगताना मदत मागतो का? मदत मिळाली तर ती पोचल्याचं दाखवतो का? ‘तसं काही नाही, होतं असं सगळ्यांनाच’ म्हणून दार लोटून घेतो का? की थेरपिस्टला शब्दच घालू देत नाही, आणि ‘तुम्हीच सांगा ना, त्याने असं वागायला नको होतं ना?’ म्हणत तिला आपल्या बाजूला ओढत राहतो? हे वाचल्यावर तुमच्या जुन्या केस रेकॉर्डकडे परत जा. नोंदी शब्दशः असतील तर बरंच काही दिसेल. ‘पेशंट कोऑपरेटिव्ह, रॅपोर्ट एस्टॅब्लिश्ड’ असं लिहिलं असेल तर काहीच दिसणार नाही.

तर मग, कधी मोजायचं. पहिल्या दोनतीन सेशनमध्ये अटॅचमेंट मोजू नका, कारण ती अजून व्हायची आहे. पॅरिश आणि ईगल यांनी २००३ मध्ये दीर्घकाळ थेरपीत असलेल्या १०५ रुग्णांकडे पाहिलं, तेव्हा थेरपीचा काळ आणि सेशनची वारंवारता या दोन्हींचा बंधाशी संबंध आढळला. आपल्याकडे ओपीडीत महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ‘वारंवारता’ हा शब्द जपूनच वापरायला हवा. आठवड्याला एक सेशन असेल तर पाचसहा सेशननंतर पहिलं मोजमाप घ्या. पुढची दोन खंडाच्या अलीकडे-पलीकडे. आपल्याकडे खंड शोधावा लागत नाही: गणपती, दिवाळी, मे महिना, तुमच्या परीक्षा, तुमची रजा. खंडाआधीच्या सेशनला एकदा श्रेणी भरून घ्या आणि परतल्यावरच्या पहिल्या सेशनच्या आधी, म्हणजे तुम्ही समोर येण्यापूर्वी, पुन्हा भरून घ्या. या दोन्हींतला फरक कुठल्याही एका आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो.

आणि आकड्यांबरोबर खंडाच्या वेळची वागणूक नोंदवा. त्यासाठी वेगळी श्रेणी नको, चार ओळींचा तक्ता पुरेल. मधल्या काळात फोन किंवा व्हॉट्सॲप मेसेज आला का, आणि त्यात काही कारण होतं की नुसतं ‘गुड मॉर्निंग’चं चित्र? परतल्यावर रुग्ण वेळेवर आला, उशिरा आला की आलाच नाही? खंडाचा विषय त्याने काढला का? तुम्ही काढल्यावर काय म्हणाला? ‘नाही हो मॅडम, तुमच्याही सुट्ट्या हव्यातच की’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या रुग्णांकडून तीन अर्थांनी येतं. एकाला खरंच काही वाटलेलं नसतं, कारण तुमचा आधार त्याने मनात बरोबर नेला होता. दुसऱ्याला वाटू द्यायचंच नसतं. तिसरा पुढची वीस मिनिटं गेल्या तीन आठवड्यांत घरी काय काय बिघडलं ते सांगतो, आणि त्या सगळ्याचा कर्ता नकळत तुम्हीच असता.

याच कारणाने रप्चर, म्हणजे थेरपिस्टशी झालेला खटका किंवा गैरसमज, हीसुद्धा मोजमापाची उत्तम वेळ. ती ठरवून आणता येत नाही आणि आणूही नये. पण वेळ चुकणं, सेशन ऐनवेळी रद्द होणं, बाहेर दुसऱ्या पेशंटशी तुम्हाला हसताना पाहणं, असं काही घडलं असेल तर तारीख टिपून ठेवा. पुढे गुणांत उडी दिसली की तिचं कारण शोधायला हीच नोंद उपयोगी पडेल.

‘गुंतलेला’ गुण वाढले म्हणजे बिघडलं आणि कमी झाले म्हणजे सुधारलं, हे गणित विसरा. मॅलिनक्रॉट यांचंच पुढचं काम ‘थेराप्युटिक डिस्टन्स’वर, म्हणजे रुग्ण आणि थेरपिस्ट यांच्यात किती अंतर असावं यावर, आहे. डॅली यांच्यासह २००९ मध्ये त्यांनी अनुभवी थेरपिस्टच्या मुलाखती घेतल्या. त्यातून निघालं ते असं की टाळणाऱ्या रुग्णाला हे लोक सुरुवातीला हवं तेवढं अंतर देतात आणि मग हळूहळू जवळ आणतात. चिकटणाऱ्या रुग्णाला सुरुवातीला बरीच जवळीक देतात आणि मग हळूहळू स्वतःच्या पायावर उभं करतात. दिशा उलट, मुक्काम एकच. हे मान्य केलं तर दगडासारखा बसून राहणारा, ‘थेरपी ठीक आहे’ म्हणणारा रुग्ण मध्यावर अचानक ‘तुमच्याशी बोलायला पुढच्या गुरुवारपर्यंत थांबावं लागतं’ अशी तक्रार करू लागला आणि त्याचे ‘गुंतलेला’ गुण चढले, तर मी ती प्रगती समजेन. हाच गुण सुरुवातीपासून चढलेला आणि वर्षभर तसाच राहिलेला असेल तर मला चिंता वाटेल. सरासरी काढली की हे दोघे एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून प्रत्येक रुग्णाचा आलेख वेगळा काढा, गटाची सरासरी नंतर बघा.

आता आपल्या मातीचा प्रश्न. डॉ. जे. एस. नेकी या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोसायकियाट्रीत गुरु-चेला नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहता येईल का, यावर लेख लिहिला. पुढे १९७६ मध्ये विसंबून राहण्याकडे वेगवेगळ्या संस्कृती कशा पाहतात यावरही लिहिलं. त्यांचा रोख असा की पाश्चात्त्य थेरपी ज्या अंतराला निरोगी समजते ते इथल्या रुग्णाला थंडपणा वाटू शकतं, आणि इथे विसंबणं ही उपचाराची सुरुवात असू शकते. मी नेकींशी सगळ्या बाबतींत सहमत नाही. गुरूच्या आसनावर बसायला थेरपिस्टला फार आवडतं आणि तिथून उतरणं अवघड जातं, हा धोका मला त्यांच्यापेक्षा मोठा वाटतो. पण ‘गुंतलेला-विलीन’ उपश्रेणीपुरता त्यांचा मुद्दा थेट लागू आहे. ‘मॅडम, तुमचं गाव कुठलं? मुलं किती?’ हे आपल्याकडे ओळखीचं पहिलं पाऊल आहे. निघताना पाया पडणं, लग्नाची पत्रिका आणून देणं, डब्यात बेसनाचे लाडू आणणं, हेही तसंच. अमेरिकेतल्या क्लायंटने थेरपिस्टच्या खासगी आयुष्यात रस घेणं आणि सांगलीच्या बाईने घेणं, यांना एकच गुण देता येणार नाहीत. तिथल्या सरासरीशी तुलना करून ‘महाराष्ट्रातले रुग्ण अधिक गुंततात’ असा निष्कर्ष काढू नका. तुलना तुमच्याच रुग्णांची तुमच्याच रुग्णांशी.

म्हणूनच मराठी रूप करताना भाषांतर आणि उलट-भाषांतर एवढ्यावर थांबू नका. दोन भाषांतरकार, एक उलट-भाषांतर, तज्ज्ञांची बैठक हे सगळं करालच. पण त्यानंतर दहाबारा रुग्णांसमोर एकेक वाक्य वाचून विचारा, ‘हे वाक्य ऐकून तुमच्या मनात काय आलं?’ माझा अंदाज सांगते कुठे अडेल. थेरपिस्टशी एकरूप होण्याच्या वाक्यावर काही जण वारकरी अर्थाने मान डोलावतील आणि काही बायका लाजून गप्प बसतील. नकारात्मक वाक्यांवर, विशेषतः थेरपिस्ट मला कमी लेखते या अर्थाच्या, ‘छे छे’ असं उत्तर वाक्य संपायच्या आत येईल. सहा पर्याय बऱ्याच जणांना पेलत नाहीत. तोंडी विचारताना आधी ‘पटतं की नाही पटत’ आणि मग ‘थोडं, बरंच की अगदी’ अशा दोन पायऱ्यांत विचारलं तर सहाही पर्याय शाबूत राहतात. आणि श्रेणीत थेरपिस्टचा उल्लेख कसा करायचा हे रुग्ण तुम्हाला काय म्हणतात त्यावर ठरवा. ओपीडीत कुणी ‘माझ्या थेरपिस्ट’ म्हणत नाही. मॅडम, सर, डॉक्टर, क्वचित ताई. वाक्यात ‘तुमच्या मॅडम’ आलं तरच ते वाक्य तुमच्याबद्दल आहे हे त्यांना कळेल.

प्रशिक्षण देणाऱ्या रुग्णालयात आणखी एक गोष्ट होते, तिची नोंद मेथडॉलॉजीत हवीच. पोस्टिंग बदललं की थेरपिस्ट बदलते. वर्षानुवर्षं येणाऱ्या रुग्णाने अशा अनेक मॅडम पाहिलेल्या असतात. तो तुमच्याशी मोजूनमापून वागत असेल तर ते टाळणं नसून अनुभव असू शकतो. नॉर्मन रायडर यांनी १९५३ मध्येच लिहिलं होतं की काही रुग्णांचा बंध डॉक्टरशी नसून संस्थेशी असतो. खोली, कट्टा, नंबर पुकारणारे मामा, त्याच खिडकीवरच्या गोळ्या: त्याचा तळ तो असतो. आधी किती थेरपिस्ट बदलल्या हा प्रश्न माहितीपत्रकात घाला. तुमच्या श्रेणीत हे सगळं ‘टाळणारा’ म्हणून दिसेल आणि ते अन्यायाचं होईल.

थेरपिस्टच्या बाजूबद्दल फार लिहीत नाही, कारण तो तुमचा विषय नाही. पण मेरी डोझियर आणि सहकाऱ्यांचा १९९४ चा अभ्यास वाचा. गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांचे केस मॅनेजर त्यांनी पाहिले. स्वतः कमी सुरक्षित असलेले मॅनेजर चिकटणाऱ्या रुग्णांसाठी जास्त धावपळ करत. सुरक्षित असलेल्यांना रुग्णाच्या वरवरच्या मागणीपलीकडची गरज दिसे. म्हणजे ‘रुग्णाचा भावबंध’ म्हणून जो आकडा येतो त्यात समोरच्या खुर्चीतल्या माणसाचाही वाटा असतो. तुमच्या सगळ्या रुग्णांची थेरपिस्ट तुम्हीच असाल तर तुम्ही रुग्णांचा अभ्यास करताय की स्वतःचा, हे परीक्षक विचारतील. निदान चारपाच थेरपिस्ट घ्या. मग एका थेरपिस्टचे रुग्ण एकमेकांसारखे असणार, हे विश्लेषणात धरावं लागेल; साधा टी-टेस्ट लावून चालणार नाही, मल्टिलेव्हल मॉडेलची मदत घ्या. संख्याशास्त्राच्या सरांकडे माहिती गोळा झाल्यावर जायची पद्धत आहे, तुम्ही आधी जा.

किती रुग्ण पुरतील, हे त्यावरच अवलंबून आहे. मराठी श्रेणीचं घटक विश्लेषण (कुठली वाक्यं एका गटात चालतात याची तपासणी) करायचं असेल तर ३६ वाक्यांना काहीशे लोक लागतील. ते एका विद्यार्थिनीचं काम नाही, त्याच्या मागे लागू नका. तीस-चाळीस रुग्ण, प्रत्येकाची चार मोजमापं, त्यातली दोन खंडाच्या अलीकडे-पलीकडे, सोबत अलायन्सची छोटी श्रेणी आणि वागणुकीचा तक्ता, एवढं झालं तर मी तो प्रबंध आनंदाने वाचेन. मधेच सोडून गेलेल्यांची मोजमापं फेकून देऊ नका. ‘टाळणारा’ गुण कुठे सर्वांत बोलका असेल तर तो त्यांच्यातच.

फॉर्म देणारी व्यक्ती उपचारात नसलेली असावी. समाजसेवा विभागातलं कुणी चालेल. नातेवाइकाला चहाला पाठवा. भरलेला फॉर्म रुग्णाने स्वतः पाकिटात घालून चिकटवायचा, आणि ‘तुमच्या मॅडमना हे उपचार चालू असेपर्यंत दिसणार नाही’ हे वाक्य फॉर्मच्या वरही छापायचं आणि तोंडीही सांगायचं. ते पाळायचंही, अगदी कुतूहल अनावर झालं तरी. अपवाद एकच: मोजमापाच्या वेळी कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर ते त्याच दिवशी कुणाला कळवायचं हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असू द्या. श्रेणीच्या मूळ लेखकांना भाषांतराच्या परवानगीचा ई-मेल या आठवड्यातच पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो आणि एथिक्स कमिटी ते पत्र मागणार.